नमुना क्रमांक अकरा

माणसाच्या आयुष्याचे दोन भाग पडतात: पाकिटाची पुढची बाजू बघण्याचा आणि पाकिटाची मागची बाजू वाचण्याचा. पहिला भाग सुखाचा असतो. दुसऱ्याला चष्मा लागतो.

निवृत्त तपासनीस दुसऱ्या भागात शिरले ते एका सोमवारी, डॉक्टरबाईंच्या खोलीत. बायकोची साखर काठावर आली होती. पांढरा ब्रेड आजपासून बंद, डॉक्टरबाई म्हणाल्या. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू, आकडा खाली आला नाही तर जन्मभर गोळ्या. बायकोच्या आईचे डोळे साखरेनेच गेले होते. तपासनीस घाबरले. पण घाबरण्यासाठी कुठल्याच फॉर्मात रकाना नसतो, म्हणून घरी येऊन त्यांनी रजिस्टर आखायला घेतलं.

बत्तीस वर्षं त्यांनी सिमेंट तपासलं होतं. त्यांना ब्रेड काय जड जाणार? उद्दिष्ट स्पष्ट होतं: ब्रेड तब्येतीला चांगला हवा, आणि बायकोने तो आपणहून खायला हवा. सकाळच्या चहाबरोबर दोन स्लाइस, एवढीच त्या बाईची दिवसभरातली चैन. (या दोन्ही अटी पुऱ्या करणारा पदार्थ जगात नाही, असं एक मत आहे. ते विचारात घेण्यात आलं नाही.)

दर शनिवारी ते भिंग घेऊन दुकानात जात. दुकानदाराने आधी कपाळाला हात लावला, मग मुकाट्याने स्टूल आणून दिलं. (स्टूल अजून तिथेच आहे. त्यावर आता इतर निवृत्तही बसतात.)

नमुना एक: रंग तपकिरी, पण तो वरून घातलेला; आत सगळा मैदा. माणसांतही हा प्रकार आढळतो. नापास.

नमुना दोन: पुढच्या बाजूला सात धान्यं. मागच्या बाजूला, जास्त घातलेलं आधी या क्रमाने छापलेल्या यादीत, त्यातली सहा मिठाच्याही नंतर, म्हणजे हजेरी लावून पळालेली. नापास.

नमुना तीनच्या बिया फक्त वरच्या कडेला चिकटलेल्या. चारमध्ये गव्हाचं पीठ खरं, पण त्याच्या मागोमाग साखर उभी.

पाचवा मात्र सगळ्या कसोट्यांना उतरला. कोंड्यासकट पीठ, साखर शून्य. बायकोने घास घेतला, तपासनीस घड्याळ लावून बसले. चार मिनिटांनी तो घास खाली गेला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "अहो, हा तुमच्या लॅबमध्ये पास झाला असता."

पुढचे दोन दिवस तिने नुसता चहा घेतला. तिची रिकामी बशी बघून तपासनीसांनीही आपली बशी बाजूला सारली.

सहाव्या नमुन्यापासून चित्र पालटलं. बायको खायला लागली. सहाव्याला चवीचे दहापैकी पाच गुण, आठव्याला सात. अकराव्यात पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट, बास, त्याला नऊ. तीन स्लाइस खाऊन वर बोटं चाटली. (बोटं चाटण्याचा ब्रेडशी संबंध काय, हा प्रश्न त्या वेळी उपस्थित झाला नाही.) तपासनीसांनी स्वतः एक तुकडा नियमाप्रमाणे कोरडा खाऊन पाहिला. तो पायपुसण्यासारखा लागला. पण गुण द्यायचे ग्राहकाने, आणि ग्राहक खूश होता. बायकोची जीभ सुधारली, असा निष्कर्ष त्यांनी तांबड्या शाईने नोंदवला. इमारतीतल्या नऊ घरांनी त्याच आठवड्यात नमुना अकरा सुरू केला.

तीन महिन्यांनी आकडा आला. वाढलेला होता.

डॉक्टरबाईंनी रजिस्टर चाळलं, आलेख पाहिले, मनापासून कौतुक केलं आणि बायकोला विचारलं, "यावर लावता काय?"

"जॅम. खाली बटर," बायको म्हणाली. "पाचव्यापर्यंत काहीच लावत नव्हते. मग ब्रेड जसा सुधारत गेला, तसा थर वाढत गेला."

"अगं, मग सांगायचं नाही?"

"तुम्ही रोज विचारायचात, ब्रेड कसा लागला. जॅमचं कुणी विचारलंच नाही. आणि आणत होतं कोण?"

आणत तेच होते. दर शनिवारी, त्याच पिशवीतून, ब्रेड दबू नये म्हणून बरणी खाली ठेवून. बरण्या लहानाच्या मोठ्या झाल्या, थर डोळ्यांदेखत चढत गेले, तरी त्यांना काही वावगं वाटलं नाही. त्यांच्या खात्यात नियमच होता: आपण गोणी तपासायची, गवंडी तिच्यात पुढे काय कालवतो ते आपल्या अखत्यारीत येत नाही. या नियमावर बत्तीस वर्षं त्यांना शांत झोप लागली होती. त्या खुर्चीत मात्र त्यांना स्वतःची लाज वाटली.

गोळ्या सुरू झाल्या. तपासनीस त्या वेळच्या वेळी तिच्या हातावर ठेवतात. नमुना अकरा आता दोघं मिळून नुसताच खातात, बिनसाखरेच्या चहात बुडवून. घासाला चार मिनिटं लागतात. तेवढ्यात बरंच बोलून होतं.

इमारतीतल्या नऊ घरांना त्यांनी दारोदार जाऊन खरी हकिगत सांगितली. सगळ्यांनी आदराने ऐकून घेतली. ब्रेड कुणी बदलला नाही. जॅमही नाही.

आता हा अकरावा नमुना मिळतो कुठे, हे विचारायला तुमची जीभ वळवळत असेल. सांगतो. आधी उठून फ्रिज उघडा आणि दारातल्या बरणीत किती उरलंय, ते बघून या.