एकशे अठरा मजले खाली

पाणाड्या मुनिवेंकटप्पाच्या तळहातावर आडवा ठेवलेला नारळ उभा राहायला चार सेकंद लागले. वनजाक्षीने ते मनगटावरच्या घड्याळात मोजले. शेंडी आधी त्याच्या कोपराकडे होती. ती हळूहळू उचलली गेली, आभाळाकडे झाली आणि तिथेच थरथरत राहिली. वारा जवळजवळ नव्हता. बोटे हललेली तिला दिसली नाहीत. पण दिसले नाही म्हणजे घडले नाही असे नसते, हे मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवताना ती सव्वीस वर्षे सांगत आली होती.

"साडेचारशे फुटांवर गंगम्मा बसलीय," मुनिवेंकटप्पा डोळे मिटूनच म्हणाला. "दोन इंच पाणी. गल्लीतल्यांना आत्ताच सांगून ठेवा, बादल्या घासून ठेवतील."

मग त्याने त्या जागी नारळाएवढा एक दगड ठेवला, दगडाला हळदकुंकू लावले, आपली दक्षिणा घेतली आणि स्कूटरला लाथ मारून पुढच्या प्लॉटवर पाणी शोधायला गेला.

बेंगळुरूच्या उत्तरेला, येलहंकाच्या पलीकडे, तीस बाय चाळीसचा हा प्लॉट वनजाक्षीच्या नवऱ्याला, शिवनंजय्यांना, सोसायटीकडून मिळाला त्याला बावीस वर्षे झाली होती. शिवनंजय्या सरकारच्या सांख्यिकी खात्यातून निवृत्त झाले होते. तिथे आकडे तयार करून वर पाठवायचे आणि निर्णय दुसऱ्यांनी घ्यायचा, अशी पद्धत होती. घराच्या बाबतीतही त्यांनी तीच ठेवली. पहिल्या वर्षी सिमेंट महाग होते, म्हणून ते उतरण्याची वाट पाहिली. मग वाळूचा संप आला, मग निवडणुका, मग त्यांच्या आईला, अम्मांना, कोणीतरी सांगितले की मुलाला शनी आहे. दरम्यान बांधकामाचा दर चौरस फुटाला चारशेवरून तेवीसशेवर गेला. तो ज्या संथ, अखंड गतीने चढत गेला ते पाहून वनजाक्षीला संताप येण्याऐवजी आदरच वाटू लागला होता. निसर्गातल्या फार थोड्या गोष्टी इतक्या नियमाने वागतात.

आता एकदाचा नकाशा झाला होता. खाली दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि अम्मांचा देव. वर एकच खोली, तीन बाजूंना खिडक्या असलेली. ती वनजाक्षीची. भाड्याच्या घरात ती बावीस वर्षे मुलींचे पेपर तांदळाच्या पिंपाच्या झाकणावर तपासत होती, आणि भात टाकायची वेळ झाली की अम्मा म्हणायच्या, "ऊठ गं, तुझं न्यूटन बाजूला घे."

पाणाड्या गेल्यावर वनजाक्षीने टेप लावून पाहिले. दगड नेमका जिन्याच्या पहिल्या पायरीखाली येत होता. तिथे बोअर पाडली तर जिना नाही, आणि जिना नाही तर वरची खोली नाही. साडेचारशे फूट खोलीवरच्या पाण्याला वरच्या चार फुटांनी काय फरक पडणार? तिने इकडेतिकडे पाहिले आणि दगड चार फूट उत्तरेला सरकवला. त्याबद्दल ती कोणाला काही बोलली नाही.

बोअरची गाडी तीन दिवसांनी आली. वनजाक्षीला शाळेत प्रात्यक्षिक परीक्षा होती. ती प्लॉटवर पोचली तेव्हा साडेअकरा झाले होते आणि भोक तीनशे फुटांवर गेले होते. दोन अवजड गाड्या प्लॉटभर पसरल्या होत्या, कंप्रेसर गर्जत होता आणि पिठासारखी धूळ इतकी उडत होती की कोणती जागा कुठली हे ओळखता येत नव्हते. शिवनंजय्या छत्री आडवी धरून, नकाशा पोटाशी घेऊन उभे होते. अम्मा शेजारच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांच्याजवळ उप्पिट्टूचा, म्हणजे उपम्याचा, डबा घेऊन शेजारचे तिम्मेगौडा होते. ते बसवर कंडक्टर होते आणि निवृत्तीनंतर गल्लीतल्या एकूण एक बोअर त्यांच्या देखरेखीखाली पडल्या होत्या.

"या टीचर, या," तिम्मेगौडा ओरडले. "सगळं उत्तम चाललंय. पाणी नाही, बाकी सगळं आहे."

गाडीचा मुकादम शेंगोडन तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडचा होता. त्या गावातल्या माणसांनी अर्ध्या देशाला भोके पाडली आहेत. तो वीस फुटांचा एक रॉड उतरला की खडूने गाडीवर रेघ ओढी. साडेचारशेला सगळ्यांनी श्वास रोखला. खालून धूळ आली.

"अजून एक रॉड," तिम्मेगौडा म्हणाले. "माझ्या मेव्हण्याला शेवटच्या रॉडला लागलं."

"शेवटचा कोणता ते त्यांना आधी कसं कळलं?" वनजाक्षीने विचारले.

"लागल्यावर कळलं की!"

पाचशे झाले. सहाशेही झाले. दर शंभर फुटांना शेंगोडनचा दर चढत होता, कारण खोल जावे तसा कातळ घट्ट होतो आणि गाडी डिझेल जास्त पिते. शिवनंजय्यांनी खिशातून पेन्सिल काढली. सहाशेला त्यांनी नकाशावरच्या सागवानी दरवाज्यावर काट मारली आणि बाजूला लिहिले, साधा. सातशेला ग्रॅनाइटची फरशी गेली. आठशेला स्वयंपाकघरातली कपाटे. नऊशेला कंपाउंडची भिंत.

"भिंत कशाला हवी?" शिवनंजय्या स्वतःशीच म्हणाले. "चोर आला तर त्याला काय मिळणार?"

"सर, भोक मिळेल," शेंगोडन गंभीरपणे म्हणाला. "पण ते उचलता येत नाही."

वनजाक्षीने वाकून ढिगाऱ्यातली चिमूटभर धूळ उचलली. सुरुवातीची माती तांबडी होती, मग राखाडी, आता फिकट गुलाबी. ती कोमट होती. हा कातळ शेकडो कोटी वर्षांपूर्वी थिजला होता, आणि या क्षणापर्यंत त्याच्यावर एकदाही उजेड पडला नव्हता. आता त्याची धूळ अम्मांच्या उप्पिट्टूवर पडत होती. तिने मनातल्या मनात भागाकार केला. दहा फुटांचा एक मजला धरला तर आपले नव्वद मजले बांधून झाले आहेत, फक्त खालच्या दिशेने. वर एक बांधायला बावीस वर्षे लागली आणि अजून तो बांधून झालेला नाही.

हजार फुटांची रेघ ओढली गेली. शिवनंजय्यांची पेन्सिल नकाशावरून फिरत फिरत वरच्या खोलीवर आली आणि थांबली. त्यांनी काट मारली नाही. पेन्सिल नुसती टेकवून ठेवली.

वनजाक्षीला ते पाहवेना. "अहो, थांबा. मला काहीतरी सांगायचंय."

"आता काय?"

"पाणी लागत नाही, त्यात माझा हात असू शकतो. मला तसं वाटत नाही. पण असू शकतो." तिने घसा साफ केला. "मी दगड हलवला होता. चार फूट उत्तरेला. जिन्यासाठी."

शिवनंजय्यांनी तिच्याकडे पाहिले. मग छत्री मिटली. मग पुन्हा उघडली. "केव्हा?"

"पाणाड्या गेला त्याच संध्याकाळी."

"अय्यो," शिवनंजय्या म्हणाले. "दुसऱ्या दिवशी सकाळी मी हलवला. तीन फूट पूर्वेला. पाणी ईशान्येला असावं म्हणतात ना. म्हटलं, एवढा खर्च करतोय तर शास्त्राला तरी नाराज कशाला करा."

दोघेही अम्मांकडे पाहू लागले. अम्मा डब्याचे झाकण लावण्यात फार गुंतल्या होत्या.

"अम्मा?"

"माझ्याकडे काय बघता? मी काही पायानं ढकलला नाही. हातानं उचलला, नमस्कार करून उचलला."

"कुठे ठेवलात?"

"अरे नंजा, अगदी तुळशीच्या जागी आणून ठेवला होता कुणीतरी! तिथं भोक पाडायचं? मी त्या विजेच्या खांबाकडे तोंड केलं आणि पाच पावलं मोजली. माझी पावलं फूटभराची आहेत, तुझ्यासारखी ढांगा टाकत नाही मी."

तिम्मेगौडांनी दोन्ही हात कपाळाला लावले. "टीचर, दगड होता की पाहुणा? घरोघरी जेवून आला!"

वनजाक्षी ऐकत नव्हती. तिने एक काटकी घेतली आणि धुळीत रेघ ओढली, चार फूट वर. तिच्या टोकाला तीन फूट उजवीकडे. मग विजेच्या खांबाकडे पाहिले आणि त्या दिशेने पाच फूट तिरकी रेघ खाली आणली. रेघ जिथून निघाली होती तिथेच येऊन मिळाली. तीन, चार आणि पाच. गवंडी पाया आखताना कोपरा काटकोनात यावा म्हणून दोरीवर हीच मापे घेतात. इथे तीन माणसांनी एकमेकांपासून लपवून, वेगवेगळ्या वेळी, तीन वेगळ्या श्रद्धांसाठी ती घेतली होती, आणि त्यांची बेरीज शून्य आली होती. ती बराच वेळ त्या त्रिकोणाकडे पाहत राहिली. वर्गात इतके स्वच्छ उदाहरण तिला कधी सुचले नव्हते.

"दगड हललाच नाही," ती हळूच म्हणाली. "नारळ उभा राहिला होता तिथेच आपण खोदतोय."

"म्हणजे जिन्याखाली," तिम्मेगौडा म्हणाले. "म्हणजे जिनाही गेला."

शिवनंजय्यांनी मुनिवेंकटप्पाला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावे म्हणून आवाज मोठा केला.

"हजार फूट झाले. पाणी नाही."

"दगड हलवला असेल कुणी," मुनिवेंकटप्पा म्हणाला.

"हलवला होता. पण तो परत त्याच जागी आलाय. माझ्या बायकोनं गणित करून पाहिलंय."

"स्वामी, हलवून परत आणला तरी हलवलाच ना? गंगम्मा काय रोज तिथंच बसून राहील? ती काय सरकारी नोकर आहे?" आणि फोन बंद झाला.

सरकारी नोकरीचा उल्लेख शिवनंजय्यांना लागला असावा. ते गाडीकडे गेले आणि शेंगोडनला पुढे जायची खूण केली. अकराशे झाले. पेन्सिल अजून वरच्या खोलीवरच होती आणि तिथे कागदाला आता एक बारीक खळगा पडला होता.

अकराशे साठला धुळीचा रंग गडद झाला. अकराशे ऐंशीला आवाज बदलला. भोकातून आधी चिखलाची थुंकी आल्यासारखी आली, मग एक करडी धार उसळली आणि ओट्यावरून तिम्मेगौडांनी अशी आरोळी ठोकली की समोरच्या घरातले दोन मजले गॅलरीत आले.

"गंगम्मा! आली गं बाई!" अम्मा खुर्चीतून उठल्या.

शेंगोडनने पत्र्याच्या खाचेतून पाणी वाहू दिले आणि पट्टी धरली. "एक इंच," तो म्हणाला. "एक इंच बरोबर."

वनजाक्षीने धारेखाली हात धरला. पाणी वरच्या हवेपेक्षा निश्चितच गरम होते. हा पाऊस केव्हा पडला असेल? हे शहर नव्हते तेव्हा. कदाचित पाऊस हा शब्दच नव्हता तेव्हा. एकशे अठरा मजल्यांच्या तळाशी, एका केसाएवढ्या भेगेत, तो इतका काळ थांबून होता. तिच्या बोटांवरून ओघळून तो आता तिम्मेगौडांच्या चपलांकडे चालला होता.

शेंगोडनला मात्र हिशेब करायचा होता. "सर, गाडीवर अजून दोनशे फूट रॉड आहेत. बाराशेनंतर दर दुप्पट. पण भेग सापडलीय. एकाचे दोन इंच होतील, कदाचित तीन. आज नाही केलं तर गाडी पुन्हा आणायचं भाडं वेगळं."

"जाऊ द्या खाली!" तिम्मेगौडा म्हणाले. "एवढं गेलात, आता दोनशेला काय घाबरता?"

"नंजा, दारात आलेल्या देवीला अर्ध्यात थांबवू नये," अम्मा म्हणाल्या.

गॅलरीतूनही सल्ले येऊ लागले. एक जण म्हणत होता तीन इंच लागले तर टँकर भरून विकता येईल. दुसरा म्हणत होता कावेरीचे पाणी पुढच्या वर्षी या भागात येणारच आहे. ते गेली बावीस वर्षे पुढच्या वर्षी येत होते.

वनजाक्षीने ओले हात पदराला पुसले.

शिवनंजय्यांनी नकाशा उलगडला. त्यावर बोटभर धूळ बसली होती. त्यांनी फुंकर मारली. खालचे घर जवळजवळ सगळे काटांनी भरले होते. वर तो एकच चौकोन, तीन खिडक्यांचा, अजून स्वच्छ होता. त्यांनी बायकोकडे पाहिले, मग भोकाकडे, मग पुन्हा चौकोनाकडे. त्यांचे ओठ हलले.

कंप्रेसरच्या आवाजात कोणालाच काही ऐकू आले नाही.

"काय सर?" शेंगोडनने कानाला हात लावला. "जाऊ ना खाली?"

शिवनंजय्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. छत्री जमिनीवर टाकली. दोन्ही हात तोंडाशी धरले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ते ओरडले, "पुरे! रॉड वर घ्या! जिना बाहेरून काढू, पण वरची खोली बांधायची!"