सायकलची घडी

लोक कपड्यांच्या घड्या करतात, माझ्या नणंदबाई सायकलची घडी करतात. घरी आल्या की अंगणात उतरतात, ओल्या फडक्याने चाकं पुसतात आणि मधली खिट्टी काढतात. सायकल पुस्तकासारखी मिटते. मग हॅन्डल खाली पाडायचं, सीट आत ढकलायची, वरून जुनं लुगडं गुंडाळून गाठ मारायची आणि ते गाठोडं खोलीत दाराआड ठेवायचं. पाहुण्यांना वाटतं, धुणं पडलं आहे. एकदा माझी मावशी पाय दुखतात म्हणून त्या गाठोड्यावर टेकली आणि खालून घंटी वाजली. मावशी उठली ती थेट अंगणात जाऊन थांबली.

आम्ही त्यांना बाई म्हणतो. माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. लग्न होऊन दोन वर्षांत त्या माहेरी परत आल्या. का आल्या ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारणं मला जमतच नाही. भाजीवाल्याला वांग्याचा भाव विचारायचा तरी मी आधी घरात दोनदा म्हणून बघते, तोवर भाजीवाला पुढच्या गल्लीत गेलेला असतो.

बाई मात्र जैनथला सरकारी ऑफिसात शिपाई होत्या. नोकरी संपली, ऑफिसची बोली संपली नाही. चहा जमला तर म्हणतात, "मंजूर." मीठ जास्त झालं तर, "खारीज." मी पहिल्यांदा पातळ भेंडी केली तेव्हा त्यांनी एक घास खाल्ला, बराच विचार केला आणि म्हणाल्या, "फेरतपासनी."

आता त्या आतल्या खेड्यांत जाऊन लोकांचे अर्ज लिहून देतात. मोठ्या रस्त्यापर्यंत बस, पुढे बस नाही, ऑटो नाही, तिथून ही सायकल. चाकं परातीएवढी, सीट मात्र उंच. सोयाबीनच्या वावरापलीकडून येताना चाकं दिसतच नाहीत, नुसत्या बाई हवेत बसून सरकत येतात. मोठ्या सायकलला जो खड्डा जाणवत नाही, तो हिला विहिरीसारखा लागतो. म्हणून गावात शिरेपर्यंत बाईंचा अंबाडा मानेवर आलेला असतो.

किराणा दुकानापाशी बसलेले लोक रोज विचारतात, "बाई, पान्यात आटली काय सायकल?"

"आटली नाई रे. ऑफिसची मोठी सायकल व्याली, तिचं पिल्लू हाये. तुले पाह्यजे असन तं पुढच्या वेताले दर्ख्वास्त टाक."

एकदा मी त्यांच्याबरोबर बसने आदिलाबादला निघाले. कंडक्टरने गाठोड्याकडे बोट दाखवून तेलुगूत विचारलं, "एंटम्मा इदी?" काय आहे हे?

"बट्टलु," बाई म्हणाल्या. म्हणजे कपडे.

बस खड्ड्यात गेली. कपडे वाजले. पुढच्या खड्ड्यात पुन्हा वाजले. कंडक्टर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मग बाईंनी गाठ सोडली आणि चालत्या बसमध्ये, सीटांच्या मधल्या वाटेत, सायकल उघडून दाखवली, मिटून दाखवली. लोकांनी पुन्हा एकदा करायला लावलं. मी तोंडावर पदर घेऊन खिडकीबाहेर बघत होते, जशी काही या बाईंना मी ओळखतच नाही. पुढच्या स्टॉपला मी गुपचूप उतरले. उन्हात चालत राहिले. थोड्या वेळाने मागून घंटी आली.

"अनोळखी बाई," नणंदबाई शेजारून जाता जाता म्हणाल्या, "सोबत पाह्यजे काय?"

ही सायकल आली त्याची गोष्ट सांगायला मला लाज वाटते, पण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. एका साहेबांची बदली झाली. त्यांच्या मुलासाठी आणलेली नवीकोरी सायकल खोक्यातच पडून होती. ट्रकमध्ये भलंथोरलं कपाट गेलं आणि ज्या वस्तूची घडी होते तिला जागा उरली नाही. साहेबांच्या बायकोने ती बाईंना देऊन टाकली. बाईंनी खोकं घरी आणलं, माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "कमल, घडी मोड."

सांगितलं ते करणारी मी. खिट्टी शोधली, सायकल उघडली, उभी केली, पदराने पुसली. "मोडली, बाई," म्हटलं आणि भाकरी करायला गेले. बाई सायकल घेऊन एकट्याच बाहेर पडल्या.

संध्याकाळी नवरा वावरातून आला. मी त्याला सांगितलं, "म्या बाईच्या सायकलची घडी मोडली."

"मोडली? आजच आनली अन् आजच मोडली? बाईले सांगतलं काय?"

"त्यायनंच मोडाले सांगतली."

"बाईनं? काऊन?"

त्याला समजावता समजावता मलाच समजलं. आमच्याकडे नवं लुगडं आणलं की ते आपण आधी नेसत नाही. जिच्यावर जीव असतो तिच्या हातात देतो आणि म्हणतो, घडी मोड. ती एक दिवस नेसते, मग आपण. मला आजवर कोणी असं लुगडं दिलं नव्हतं. म्हणून बाईंचा शब्द कानात शिरला आणि अर्थ उंबऱ्याबाहेरच राहिला. त्यांना मी सायकलवर बसायला हवी होते, आणि मी ती पुसून भाकरी करायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, "बाई, मले चालवाची हाये." हे वाक्यही मी आधी न्हाणीत म्हणून बघितलं होतं.

बाईंनी मला कापसाच्या वावराजवळ नेलं, सीट खाली केली, पदर खोचून दिला आणि मागून धरलं. नंतर कळलं की धरलं नव्हतं. मी दहा-बारा पावलं सरळ गेले, मग सायकल वाकडी झाली आणि मी तुरीत. बाई धावत आल्या. मी जिवंत आहे हे बघितल्यावर हसत हसत बांधावरच बसल्या.

"मोडली व कमल घडी! सायकलची बी अन् तुयी बी!"

त्यानंतर आमच्या मुलाचं लग्न नेरडीगोंड्याच्या मुलीशी ठरलं. आमच्या घरात दोन खोल्या आणि ओसरी. एक खोली आमची, एक बाईंची. एके दिवशी जेवताना नवरा वर आढ्याकडे बघून म्हणाला, "खोल्या कमी पडतीन." मी वरणाच्या पातेल्यात बघितलं. मुलगा म्हणाला, "आत्या काऊन जेवून नाई राह्यली?" बाई म्हणाल्या, "जेवली न."

दुसऱ्या दिवशी मी त्यांची खोली झाडायला गेले. घडीची खाट मिटलेली, घडीची खुर्ची मिटलेली, त्यावर घडीची छत्री आणि शेजारी लुगड्यात गुंडाळलेली सायकल. सगळं मिळून कापसाच्या एका बोऱ्याएवढंही नव्हतं.

"कुठी चालल्या, बाई?"

"बेल्लमपल्लीले. खदानीच्या क्वार्टरात माही एक मैत्रीन राह्यते. तिच्याकडं एक कोपरा हाये. उद्या पाहून येतो."

"कोपरा?"

"मले किती लागते? म्या पयलेपासून सामानच असं घेतलं. उद्या कोनी म्हनलं, बाई, सरका, तं सरकता आलं पाह्यजे."

इतकी वर्षं मला वाटायचं, बाईंना घडीच्या वस्तू गंमत म्हणून आवडतात. मी पाहुण्यांना हसून दाखवायचे, बघा, आमच्या बाईंची खुर्चीसुद्धा मिटते.

सकाळी बाई दोन दिवसांसाठी गेल्या. नवऱ्याशी काय बोलायचं ते मी चुलीपुढे पाठ केलं. बरंच लांब भाषण होतं. तो जेवायला बसला तेव्हा त्यातलं एकच वाक्य निघालं.

"आपन ओसरीत झोपू."

"आपन?"

"पोरगा-सून आपल्या खोलीत. बाई बाईच्या खोलीत."

"ओसरीत मच्छर हाये."

"मच्छरदानी बी हाये."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही वरणाचं पातेलंच बोललं. मग म्हणाला, "बाईच आयकनार नाई. ते आता जातेच." हे मात्र खरं होतं. बाईंना बोलून थांबवणारं माणूस आमच्या घरात नाही, मी तर नाहीच.

मी सुताराला बोलावलं. घरामागे सागाच्या फळ्या कधीच्या पडून होत्या. त्या बाईंच्या खोलीत नेऊन ठेवल्या आणि म्हटलं, पलंग इथेच बनवा.

"वैनी, आत बनवला तं बाहीर निघनार नाई. दार अरुंद हाये."

"मालूम हाये."

"मंग उद्या हलवाचा असन तं?"

"नाई हलवाचा."

तिसऱ्या दिवशी दुपारी बाई आल्या. सायकल हातात तशीच, न मिटलेली, आणि त्या खोलीच्या दारात थांबल्या. मग सायकल भिंतीला टेकवून आत गेल्या. पलंगाची रुंदी वितीने मोजली, दार वितीने मोजलं, परत पलंग मोजला.

"कमल, हा तं दारातून निघत नाई."

"नाई निघत."

"पाय काढता येतीन?"

"नाई. खिळे मारून घेतले."

बाई पलंगाच्या कडेवर बसल्या, एका वितीएवढ्या जागेत. मी चहा ठेवायला गेले. मला काही सुचत नाही तेव्हा मी चहाच ठेवते.

कप घेऊन आले तर बाई झोपल्या होत्या. त्या घडीच्या खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन त्यांना झोपलेलं मी नेहमी बघितलं होतं. आज उताण्या, हात दोन्हीकडे टाकलेले, पाय लांब. बाई एवढ्या उंच आहेत हे मला कधी कळलंच नव्हतं. सुताराला लांबी मी अंदाजाने सांगितली होती, ती चार बोटं कमी पडली. पावलं पलंगाबाहेर आली होती.

चहा मीच पिऊन टाकला. मग स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं आणि आवाज न करता त्यांच्या पावलांखाली सरकवलं.