दोनशे पावलं पुढे

रविवार, १६ ऑगस्ट २०१५, सकाळी सात. सिंगापूरमधली बुकित तिमाहची टेकडी. हजर: देसाई पती-पत्नी, कुलकर्णी तिघं, माझी मुलगी ईरा आणि मी. एकूण सात. नाडकर्णी काकाही हजर, पण दोनशे पावलं पुढे.

आमच्या कॉन्डोतल्या मराठी मंडळींच्या रविवारच्या फिरण्याची वही माझ्याकडे असते, म्हणून हा तपशील. काका आमच्याबरोबर कधीच चालत नसत. ते आमच्यासाठी वाट शोधत. आदल्या दिवशी एकटे जाऊन तीच वाट पाहून येत आणि संध्याकाळी मला लेखी रिपोर्ट देत: "पाणी: दोन ठिकाणी. चढ: देसाईवहिनींना जड. स्थानिक रहिवासी: माकडं, हेतू संशयास्पद. तांडा आणायला हरकत नाही."

तांडा म्हणजे आम्ही.

याचं मूळ एका जुन्या टीव्ही मालिकेत होतं. काका जहाजावर चीफ इंजिनिअर होते. कुठल्याशा बंदरात त्यांनी ती कृष्णधवल वेस्टर्न पाहिली: घोडागाड्यांचा तांडा, त्याचा कॅप्टन आणि वाट शोधायला पुढे पाठवलेला एक शिकाऊ स्काउट, जो दर भागात एक चूक करतो. पुढचा भाग लागायच्या आत जहाज सुटलं. चाळीस वर्षांनी मुलाने सगळे भाग सीडीवर आणून दिले. तेव्हापासून काका रोज दुपारी चारला घोड्यावर बसत.

मला ते कॅप्टन म्हणत आणि स्वतःला शिकाऊ. वय बहात्तर.

"काका, फोनवर मॅप आहे लाह!" ईरा तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणायची.

"मॅपला तहान लागते का? गुडघे दुखतात का मॅपचे?"

एकदा त्यांनी आम्हांला थेट कुणाच्या तरी लग्नात नेऊन उभं केलं. आदल्या दिवशी तिथे नुसती हिरवळ होती. नवरीने आमच्याकडे पाहिलं, आम्ही नवरीकडे.

"शिकाऊ माणूस, चुकणारच," असं म्हणून काकांनी चूक स्वतःच्या वहीत नोंदवली.

कुलकर्णी वैतागले. "काका, पुढच्या वेळी तुम्ही एकटेच जाऊन या. आम्ही घरी थांबतो."

"मागून कोणी येणार नसेल तर त्याला स्काउट म्हणत नाहीत, कुलकर्णी. हरवलेला म्हणतात."

आम्ही हसलो. काका हसले नाहीत, पण ते एरवीही हसत नसत.

त्या ऑगस्टच्या रविवारी ते टेकडीच्या माथ्यावर आमची वाट पाहत थांबले होते. असं कधी झालं नव्हतं.

"कॅप्टन, मुलाची जर्मनीला बदली झाली. मी तळेगावला जातोय. ज्येष्ठांसाठी बरी जागा आहे म्हणे."

"अहो, एकटे?" देसाईवहिनी म्हणाल्या.

"एकटा कसला? पुढे जाऊन बघून ठेवतो."

मी लगेच वही काढली. तिकीट, औषधं, इथे राहण्याचा पास रद्द करणं, सीडींचं खोकं. दोन आठवड्यांत सगळ्यांवर खुणा झाल्या. निरोपाच्या दिवशी ढोकळा कमी पडला, बाकी ठीक.

महिन्याभराने ग्रुपवर रिपोर्ट आला:

"पाणी: चोवीस तास. चढ: नाही, देसाईवहिनींना जमेल. स्थानिक रहिवासी: मित्रत्वाचे, दुपारी झोपतात. धोका: एक जण बासरी शिकतो आहे. पाहुण्यांच्या खोलीत सात जण मावतात, पावलं टाकून मोजलं. तांडा आणायला हरकत नाही."

सगळ्यांनी अंगठे पाठवले. मीही पाठवला.

अजून दर शनिवारी संध्याकाळी त्यांचा मेसेज येतो: "वाट मोकळी आहे."

माझ्या यादीत एक ओळ आहे: तळेगाव, सात जण, तारीख ठरवणे. वही संपली की ती मी नव्या वहीत उतरवून घेते. ही तिसरी वही.