टेकडीवरची फक्की

शनिवारी नवऱ्याचा डबा भरता भरता पूनमने त्याच्या तोंडून ऐकलं ते असं, की उद्या सकाळी नऊच्या आत म्हसोबाची टेकडी सायकलींना खुली झालेली असेल. शेखरला त्यात तिळमात्र शंका नव्हती. कंपनीत सहाशे माणसं पिवळ्या रेषेच्या आत चालतात, फोर्कलिफ्ट रेषेच्या बाहेर राहते, आणि सात वर्षांत कुणाचा साधा अंगठाही चिरडलेला नाही. मग एका टेकडीवर चौदा शेळ्या, वीस-पंचवीस फिरायला येणारी माणसं आणि सहा सायकली, एवढ्यांची घडी बसवायला असा कितीसा वेळ लागणार? पूनमने विचारलं, शेळ्यांचं ट्रेनिंग झालंय का. शेखरला ते ऐकू आलं नाही. मोठ्या कामाला निघालेल्या माणसाला असलं ऐकू येत नसतं.

शेखर मूळचा हिंगोलीकडचा. कुरुळीत भाड्याच्या दोन खोल्या, चाकणच्या कंपनीत क्वालिटीला. गिअर उचलायचा, मापायचा, ठेवायचा, दुसरा उचलायचा. आठ तास डोक्यावर ट्यूबलाइट. रविवारी मात्र त्याची टेकडी असे. वाकडच्या मित्राने, निरंजनने, नवी सायकल घेतल्यावर जाड टायरची जुनी त्याला देऊन टाकली होती. कुसळी गवतातून वाट वळणं घेत उतरते, वारा शर्टात शिरून पाठीवर शीड उभारतो, करवंदीच्या जाळीतून लाव्यांचा थवा भुर्रकन उठतो, आणि त्या चार मिनिटांत जगातली कुठलीच वस्तू मापावी लागत नाही. त्या चार मिनिटांवर तो पुढचे सहा दिवस काढायचा.

अडचण होती छबूबाईंच्या शेळ्यांची. छबूबाई टेकडीखालच्या जुन्या गावातल्या, साठी उलटलेल्या, अंगाने वाळक्या शेंगेसारख्या आणि आवाजाने ढोलासारख्या. वळणावरून सायकल सुटली की शेळ्या चौदा दिशांना पांगत आणि त्यांना गोळा करता करता छबूबाईंची दुपार होई. बाईंनी त्यावर ओवीच रचली होती, आणि ती आता सकाळी चालायला येणाऱ्यांच्याही तोंडी होती:

टेकडीच्या गं वाटंला, दोन चाकं आली नवी
माझ्या शेळीला दिसली, त्यात वाघाची गं छवी

ओवीवर भागलं असतं तर बरं होतं. पण गावातल्या नानासाहेबांनी वनखात्याकडे अर्ज केला, की सायकली बंद कराव्यात. वनरक्षक इंद्रायणी मॅडम आल्या, दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि शांतपणे निकाल सांगितला. रविवारी सात ते नऊ त्या स्वतः टेकडीखाली उभ्या राहणार. तेवढ्या वेळात सायकलीबद्दल एकही तक्रार आली नाही, तर साहेबांकडे परवानगीची शिफारस. एक जरी आली, तर वाटेच्या तोंडाशी लोखंडी फाटक आणि कुलूप. कायमचं.

म्हणून शनिवारी पहिली शिफ्ट सुटल्यावर शेखर दोन पोती फक्की घेऊन टेकडीवर चढला. फक्की म्हणजे मैदान आखायची पांढरी पूड. टेप लावून त्याने वाट आखायला घेतली. डावीकडे माणसं, उजवीकडे सायकली. दर वळणावर शेळ्यांना बाजूला थांबायला एकेक चौकोन. चौकोन एकाच मापाचे, काटकोनातले. कंपनीच्या सवयीने त्याने प्रत्येकात नंबरही घातले, एक ते नऊ. मावळतीच्या उन्हात त्या रेषा अशा उजळल्या, की टेकडीने नवं लुगडं नेसलंय आणि हे त्याचे काठ आहेत, असं त्याला वाटलं. शीळ घालत तो घरी आला आणि गाढ झोपला.

आता त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? हिंगोलीकडे फक्की पडते ती कबड्डीसाठी. ह्या पट्ट्यात फक्कीमागून खुंट्या येतात, खुंट्यांमागून तार, तारेमागून पाटी, आणि पाटीमागून बारा मजले. पुनावळ्यात ज्यांनी भाताची खाचरं अशी एका सकाळी पांढऱ्या चौकोनांत वाटलेली पाहिली, त्यांचे पाहुणे ह्या गावात होते. संध्याकाळी टेकडीच्या पलीकडून शेळ्या घेऊन उतरताना छबूबाईंनी चौकोन पाहिले, चौकोनातले नंबर पाहिले, आणि तो ढोल जो वाजला, तो चार गावांत ऐकू गेला.

रविवारी साडेसहाला शेखर आणि निरंजन पोचले, तर टेकडीखाली जत्रा. सत्तर-ऐंशी माणसं, दोन जीप, एक ट्रॅक्टर. नानासाहेब दुधाच्या पिशवीत जपून आणलेला सातबारा छातीशी धरून उभे. कुणी म्हणत होतं रिंगरोड, कुणी म्हणत होतं गोडाऊन. प्लॉटचा धंदा करणारा सुजित फोनवर एका गिऱ्हाईकाला पटवत होता, की चार नंबर कोपऱ्याचा आहे, तिन्ही बाजूंनी वारा, आणि सात नंबरमध्ये पोहण्याचा तलाव होणार असं ऐकलंय. चार नंबरमध्ये तेव्हा एक बोकड बसला होता.

सात वाजायला वीस मिनिटं होती. शेखरने निरंजनला गप्प राहायची खूण केली, गर्दीच्या कडेने वर सरकला आणि बुटाने पहिली रेषा पुसायला लागला. डोक्यावर हेल्मेट, गुडघ्याला पॅड, खिशातून लोंबणारा टेप. पाचव्या फटक्याला कुणीतरी ओरडलं, मोजणीवाला घावला, पुरावा पुसतोय. पुढच्या क्षणी तो नऊ नंबरच्या चौकोनात उभा होता आणि भोवती अख्खं गाव. बिल्डर कोण ते सांग, म्हणत दोघांनी त्याची सायकलही ताब्यात घेतली. निरंजन मध्ये पडला आणि त्याने इंग्रजीतून समजूत घातली, तेव्हा बिल्डर कोण हे गावाला आपोआप कळलं.

इंद्रायणी मॅडम आल्या तेव्हा एकाच वेळी चाळीस माणसं तक्रार सांगत होती. त्यांनी वही काढली आणि एकेक लिहून घेतली. शेखरला वहीच्या प्रत्येक ओळीत फाटकाचा एकेक गज दिसत होता. गप्प राहिलं, तर कदाचित सुटता येईल. पण समोर नानासाहेब दुधाच्या पिशवीतला सातबारा काढून मॅडमपुढे धरत होते, परत आत ठेवत होते आणि पुन्हा काढत होते.

"मॅडम," तो म्हणाला, "फक्की माझी आहे. शेळ्यांसाठी."

मग त्याने सगळं सांगितलं. पिवळी रेषा, फोर्कलिफ्ट, न चिरडलेला अंगठा.

छबूबाई पुढे आल्या. "म्हंजी टेकडी इकली न्हाई?"

"नाही, मावशी."

"आन ह्यो नंबर शेळीचा?"

"हो."

बाईंनी पदर तोंडाला लावला. आधी वाटलं रडतायत. मग खांदे गदगदायला लागले, आणि हसणं त्या टोकापासून ह्या टोकापर्यंत वाऱ्यासारखं फिरलं. सुजित तेवढा फोनवर गिऱ्हाईकाची माफी मागत होता.

मॅडमनी वही वाचून काढली. त्रेचाळीस तक्रारी, सगळ्या प्लॉटविरुद्ध. सायकलीविरुद्ध एकही नाही. घड्याळात नऊला पाच कमी होते. नानासाहेबांनी घसा खाकरला, आणि शेखरने डोळे मिटून घेतले.

"आज ह्याची फक्की निगाली," नानासाहेब म्हणाले. "उद्या खरी निगंल. तवा टेकडीवर मान्सांचा वावर दिसाया पायजे. रोजच्या रोज. आमची पोरं शिफ्टला जात्यात. मॅडम, माजा अर्ज फाडा. सायकली फिरू द्या."

शिफारस गेली, आणि तीन आठवड्यांनी साहेबांचं पत्र आलं: रोज सकाळी नऊपर्यंत सायकलींना मोकळीक, शेळ्या दिसल्या की उतरून चालायचं, तीन महिने प्रायोगिक. शेखरने पत्र पूनमला दोनदा वाचून दाखवलं आणि तिसऱ्यांदा स्वतःलाच.

त्याने मागितला होता रविवार. गावाने दिला अख्खा आठवडा. मंगळवारी तो तिसरी शिफ्ट करून सकाळी घरी आला आणि उशीला डोकं टेकवतोय, तोच फोन वाजला.

"सात वाजून गेलं," छबूबाई म्हणाल्या. "टेकडी मोकळी पडलीय. कुटं हाईस?"

त्याने चाचरत सांगितलं, की आज जरा झोपावं म्हणतोय.

"टेकडीला झोप असती व्हय? ये गुमान. आन येताना चौकातनं पेंडीचं पोतं आन. रिकामी सायकल कशापायी चढिवतूस?"

पूनमने हेल्मेट पुढे केलं. त्याच संध्याकाळी शेखरने चाकणच्या दुकानात नेऊन त्या सायकलला मागे दणकट कॅरिअर बसवून घेतलं.