खाटेपर्यंतची रेंज

आमच्या शेजारच्या आप्पांना लोंबणारी वस्तू बघवत नाही. दोरी, वायर, नाडी, काहीही दिसलं की ते गोल गुंडाळून वर पक्की गाठ मारतात. एकदा माझ्याकडे चहाला आले आणि बोलता बोलता माझ्या चार्जरची वायर गुंडाळून गेले. दुसऱ्या टोकाला माझा मोबाईल होता, तोही वेटोळ्यात गेला.

त्यांचं तारुण्य बोटीवर खलाशी म्हणून गेलं. डेकवरच्या मोकळ्या दोरात पाय अडकून माणूस पडताना त्यांनी पाहिलाय. "लोंबता ता बरा नाय, मास्तर," हे त्यांचं पालुपद.

वालावलला त्यांचं घर वर आणि पोफळीची बाग खाली व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या काठी. गेल्या वर्षी त्यांच्या बायकोला, काकींना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. घरात दोघंच.

यंदा आप्पांनी बागेतल्या पंपाला रिमोट बसवला. "आता खाली उतराची कटकट नाय," असं साऱ्या वाडीला सांगून झालं. मला पंपाच्या खोपीत उभं करून ते वर गेले.

"चालू झालो?"

"झालो!"

खळ्यातून, म्हणजे अंगणातून झाला, ओटीवरून झाला. माजघरात काकींच्या खाटेजवळून दाबला की मात्र पंप ढिम्म. मी वैतागून वर गेलो.

"आप्पा, ओटीवरसून चलता मा? खाटेर निजान पंप कित्याक लावक व्हयो?"

आप्पा खालमानेनं म्हणाले, "मी बागेत आसलंय आणि हिका काय झाला तर? ती साद कशी घालतली? बटन दाबल्यान तर पंप सुरू होतलो. चालू आसलो तर बंद पडतलो. माका कळतला."

मला माझीच लाज वाटली.

पुढचे आठ दिवस त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. बागेत जायचे, दोन झावळं ओढायचे की धावत वर. सेल बदलले, खाट खिडकीशी सरकवली, दुकानदाराला फोनवर फोन केले. तो म्हणे, रेंज भरपूर आहे. ही धास्ती मलाही चिकटली. त्यांच्याकडे भांडं पडल्याचा आवाज आला तरी मी ताडकन उठायचो.

शेवटी मी मेन बंद करून स्टार्टरची लोखंडी पेटी उघडली. आत रिसीव्हर होता आणि त्याची अँटेनाची वायर सुबक वेटोळं करून, वर खलाशी गाठ मारून ठेवलेली.

"आप्पा, ही गुंडाळलात कित्याक? ही मोकळी व्हयी, पेटीच्या भायर!"

"भायर? लोंबतली मगे!"

"लोंबाकच व्हयी!"

आप्पांचा चेहरा कसनुसा झाला. तरी गाठ त्यांनीच सोडली. मी वायर पेटीबाहेर काढून खोपीच्या वाशावरून सरळ खाली सोडली. ती वाऱ्यावर हलायला लागली तशी आप्पांनी पाठ फिरवली.

"तुमी वर जावा," ते म्हणाले. "पण बटन तुमी दाबू नकात. तिकाच दाबूक सांगा."

मेन चालू करून मी वर गेलो आणि रिमोट काकींच्या डाव्या हातात दिला. अंगठा बराच वेळ चाचपडला. मग एकदाचं बटन दाबलं गेलं आणि खाली पंप घरघरला.

मी खिडकीतून "झालो!" म्हणून ओरडणार, तोवर आप्पा दारात हजर. अनवाणी, धापा टाकत. आपण रिमोट तपासायलाच खाली थांबलो होतो, हे साफ विसरलेले.

"काय झाला गो? काय झाला?"

काकी अर्ध्या तोंडानं हसल्या. त्या आजारपणानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

आता तो पंप दिवसातून चार-पाच वेळा भलत्या वेळी सुरू होतो. बागेत चिखल झालाय. दर वेळी आप्पा धावत वर येतात, "काय झाला गो?" विचारतात आणि काकी हसतात. काल मला राहवलं नाही.

"आप्पा, काकी तुमका उगाच बटन दाबून वर बोलयतत. या वयात किती धावतलात? जरा सांगा त्यांका."

"नको, मास्तर," आप्पा म्हणाले. "वर्साभरान ती माका साद घालता."