कंबरेचं निमित्त

फूटपट्टीकाकांनी साहेबांना कंबर दुखते असं सांगितलं, आणि तिथूनच सगळं बिघडलं. दुखत होतं ते पोट. बारा वर्षं दुखत होतं. तपासण्यांत काही सापडत नव्हतं. "आतडी नाजूक आहेत, आयबीएस म्हणतात याला. जिवाला धोका नाही," डॉक्टर म्हणाले होते. जिवाला नसेल, अब्रूला होता. काका ड्रेनेजच्या कार्यालयात मुख्य आरेखक होते; नकाशे काढताना हातात सदा फूटपट्टी, म्हणून ते नाव. अख्ख्या शहराच्या सांडपाण्याला वाट काढून देणाऱ्या माणसाने स्वतःच्या पोटाचं रडगाणं कुठल्या तोंडाने गायचं?

शेवटी डॉक्टरांनी त्यांना फिजिओथेरपीला पाठवलं.

"पोटासाठी?" बायको म्हणाली. "अहो, तिथे हाडं बघतात ना?"

काकांनाही तसंच वाटलं होतं. पण तिथल्या मॅडमनी, त्या काकांच्या मुलीच्या वयाच्या, त्यांना उताणं झोपवलं आणि पोटावर हात ठेवायला सांगितलं. "काका, तुम्ही पोट मुठीसारखं आवळून धरता. कळ आली की पळत सुटता, म्हणून ते आणखी घाबरतं. आधी बसा. खांदे सोडा. पोट फुगेल असा श्वास घ्या, मग सावकाश सोडा. असे दहा. नंतर जायचं तर जा, पण चालत."

आता आठवड्यातून दोनदा तासभर लवकर निघावं लागणार होतं. काकांनी अर्जात फक्त 'फिजिओथेरपी' लिहिलं. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "कंबर का हो?"

"हो," काका म्हणाले. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहतात तर त्यांची जागा रिकामी, टेबल हलवलेलं. ती जागा म्हणजे मजल्यावरच्या एकुलत्या एक संडासाच्या दाराशेजारचा कोपरा. भिंतीला ओल, पंखा लांब, फिनेलचा वास. लोकांना वाटे, काका किती साधे! पण तो कोपरा मिळावा म्हणून काकांनी तिथल्या माणसाच्या निवृत्तीची सहा वर्षं वाट पाहिली होती. तिथून दार अकरा पावलांवर होतं. त्या अकरा पावलांच्या भरवशावर त्यांची नोकरी चालली होती.

"साहेबांनी मुद्दाम सांगितलं," टायपिस्ट बाई कौतुकाने म्हणाल्या. "ओलीत बसूनच कंबर धरली असणार. आता इथे खिडकीत बसायचं. खुर्ची बघा, पाठीला उशी!"

काकांनी नजरेनेच अंतर मोजलं. चौपन्न पावलं, शिवाय वाटेत दोन कपाटं आणि टायपिस्ट बाई. त्यांना घाम फुटला.

ते उठले की बाई पुढ्यात हजर. "काय हवंय?"

"काही नाही."

"मग उठलात कशाला? बसा! माझ्या नणंदेने अशीच ऊठबस करून कंबर घालवली." बाईंनी फाइल आणली, पाणी आणलं, चहा आणला. माया उतू चालली होती. पण एक काम असं असतं की ते ज्याचं त्यालाच जाऊन करावं लागतं.

अकराच्या सुमारास कळ आली. काका अर्धवट उठले, वाकले, आणि पोटाशी हात नेऊन तसेच थांबले.

"भरली! कंबर भरली!" बाई ओरडल्या. दोघा कारकुनांनी काकांना काखेत धरलं. "सोडा मला, जाऊ द्या," काका कळवळून म्हणाले, तशी त्यांची पकड आणखी घट्ट झाली. कंबरेला सपाट जागा हवी यावर एकमत झालं, आणि मजल्यावरची सर्वांत सपाट जागा म्हणजे नकाशाचं लांबलचक टेबल. मुख्य गटाराच्या नकाशावर काकांना उताणं निजवण्यात आलं. भोवती सगळं कार्यालय.

आता पळायचं कुठे? काकांना रडू यायचंच बाकी होतं. मग त्यांनी डोळे मिटले, खांदे सोडले आणि श्वास घेतला. पोट वर आलं, खाली गेलं.

"शेवटचा तर नव्हे?" एक कारकून पुटपुटला.

सातव्या श्वासाला कळ ओसरली. दहाव्याला पोट शांत. बारा वर्षांत पहिल्यांदा काका न पळता तरले होते, आणि तेही चौदा माणसांसमोर. त्यांना फार बरं वाटलं.

साहेबांनी सगळ्यांना पिटाळलं आणि ते टेबलाशी वाकले. "डॉक्टरांना बोलावू?"

"साहेब, कंबर नाही. पोट आहे." आडव्या माणसाला खरं बोलायला सोपं जातं. काकांनी अथपासून इतिपर्यंत सगळं सांगून टाकलं. "मला माझा कोपरा तेवढा परत द्या."

साहेबांनी आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तिथून किती पावलं?"

"अकरा."

"माझ्या केबिनपासून चौसष्ट आहेत," साहेब म्हणाले. "रोज मोजतो."

सोमवारी 'कामाच्या सोयीसाठी' असा आदेश निघाला. साहेबांचं टेबल कोपऱ्यात गेलं आणि काका काचेच्या केबिनमध्ये. लोकांनी अभिनंदन केलं. घरी बायकोने शेजारपाजारी सांगून टाकलं. त्या गार केबिनमध्ये अख्ख्या कार्यालयात एकटे काकाच तोंड पाडून बसले होते.

अकराला कळ आली. काकांनी खांदे सोडले, दहा श्वास घेतले आणि न पळता, चौसष्ट पावलं चालत गेले. छाती अभिमानाने भरून आली होती. दाराला आतून कडी होती.

"साहेब, आत तुम्ही आहात का?"

"थांबा," आतून आवाज आला. "तुमचे ते श्वास घेतोय. चार झालेत."

"अहो साहेब, ते बाहेर घ्यायचे असतात! खुर्चीत बसून, येण्याआधी!"

"आता सांगताय?" साहेब म्हणाले. "आता सुरू केलेत तर पुरे होऊ द्या."

काका भिंतीला टेकले, खांदे सोडले आणि त्यांनी आपले दहा पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.