दुपारपर्यंत खोकणारी गाडी

"अहो, चांगल्या चालत्या गाडीचं पोट फाडायला तुम्हाला सांगितलं कुणी?" फिदेलियाने स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं.

एलिसेओचं डोकं बॉनेटखाली होतं. तिथूनच तो म्हणाला, "अगं, गाडीचा श्वास मोकळा होतो. चढावर बघ आता कशी पळेल!"

एलिसेओ गावच्या पाटाचा पाटकरी. कुणाच्या वाफ्याला किती पाणी, कुणाची पाळी कधी, हे बघत त्याची जुनी पिकअप दिवसभर पाटाच्या कडेने फिरायची. इंजिनातला धूर बाहेर नेणारं ओतीव लोखंड काढून त्याने लांब, वळणदार, चकचकीत नळ्या बसवल्या होत्या. हेडर म्हणतात त्यांना. जुनं लोखंड बायकोच्या धाकट्या भावाने, बेलोने, उचललं. त्याच्याकडे असलीच गाडी होती आणि तिचं लोखंड तडकलं होतं.

"भंगारात टाकण्यापेक्षा मला द्या, दाजी," बेलो म्हणाला. "गरिबाची गाडी उभी राहील."

संध्याकाळी नव्या नळ्यांनी अशी डरकाळी फोडली की शेजारच्या कोंबड्या खुराड्यात शिरल्या. एलिसेओचा आनंद गगनात मावेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निम्म्या वाटेवरच खोकायला लागली. फट्, फुस्, फट्! चढावर तर तिला एक गाढव मागे टाकून गेलं. कसाबसा पाट गाठून एलिसेओने दुपारी झाडाखाली जेवण काढलं. फिदेलिया रोज बटाटा, अंडं आणि हिरवी मिरची भरलेली पोळी चंदेरी कागदात गुंडाळून द्यायची. खोऱ्यातल्या सगळ्या गाडीवाल्यांसारखा तोही ती पुडी निघताना इंजिनावर ठेवायचा, म्हणजे दुपारी वाफाळती मिळायची. जुन्या लोखंडावर ती तव्यावरच्यासारखी बसायची. आज ती नळ्यांच्या बेचक्यात घसरली होती. त्याने ती ओढून काढली आणि खाल्ली. भुकेल्याला पोळी दिसते, आजूबाजूच्या तारा दिसत नाहीत.

जेवून त्याने गाडी सुरू केली, तर ती लोण्यासारखी चालली.

संध्याकाळी बेलो आला. त्याने कान लावला, नळ्या ठोकून बघितल्या. "दाजी, गाडी ठणठणीत आहे. तुमच्याच कानाला हेडर बसवा."

"सकाळी ये म्हणजे कळेल!"

"सकाळी दव असतं, ओल धरत असेल."

म्हणून एलिसेओने गाडीवर गोधडी घातली. सकाळी फट्, फुस्, फट्. प्लग बदलले, तरी सकाळी तेच. कार्बोरेटर धुतला, नटबोल्ट आवळले. रोज सकाळी गाडी दमेकऱ्यासारखी खोकायची आणि दुपारनंतर घोड्यासारखी धावायची.

"धन्यावर गेलीय," फिदेलिया म्हणाली. "जेवल्याशिवाय तुमचं तरी डोकं कुठे चालतं?"

एलिसेओला हसू आलं नाही. शनिवारी सान इसिद्रोची मिरवणूक होती. शेतांवर नजर ठेवणारा हा संत दर वर्षी पाट बघायला निघायचा, तो एलिसेओच्याच गाडीतून. त्याआधी त्याच्या बापाच्या गाडीतून निघायचा. हा मान आता बेलोकडे जाणार की काय, या काळजीने त्याची झोप उडाली होती.

"यंदा संताला माझ्या गाडीत बसवा," बेलो म्हणालाही होता. "तुमच्या जुन्या लोखंडाने काय चालतेय, दाजी! रडत नाही, खोकत नाही."

शनिवारी देवळापर्यंत गाडी मुकाट आली. मिरवणुकीनंतर सगळ्या गावाचं जेवण होतं, म्हणून एलिसेओने पुडी घेतलीच नव्हती. मूर्ती चढली, फुलं चढली. म्हाताऱ्या क्रुसिता आजी मूर्तीला धरून मागे बसल्या. आणि पहिलं वळण घेताच गाडी खोकली. फट्! मूर्ती डुलली, आजींनी छातीवर क्रूस काढला. फुस्! गाडी बंद.

पाठीमागून बेलोची गाडी पुढे आली. बेलोच्या हातात दोरखंड होता आणि ओठांवर हसू. "दाजी, ओढू का संताला?"

एलिसेओने बॉनेट उघडलं. हिरव्या मिरचीचा वास भपकन नाकात शिरला. वळणावर घसरून नळ्यांच्या बेचक्यात पुडी अडकली होती. नवरा भुकेला राहील म्हणून घरून निघताना फिदेलियाने गुपचूप ठेवलेली. तिचा चंदेरी कागद प्लगच्या तारेला टेकला होता आणि प्लगकडे जायची ठिणगी कागदावरून नळीवर चटचट उड्या मारत होती. एका क्षणात त्याला सगळ्या सकाळी आठवल्या.

"काय झालंय?" बेलो जवळ येत म्हणाला.

एलिसेओने पुडी झटकन सदऱ्यात कोंबली. "काही नाही. प्रार्थना करतोय."

त्याने बॉनेट लावलं आणि किल्ली फिरवली. गाडी गुरगुरून सुरू झाली आणि पाटाच्या कडेने डौलात निघाली. सदऱ्यातली मिरची पोटावर ठिबकत होती. एलिसेओच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तोंडाने तो "संता, संता!" म्हणत होता. ते बघून बायकांनी पदर डोळ्यांना लावले. बेलोनेसुद्धा टोपी काढली.

जेवणाच्या वेळी क्रुसिता आजींनी निकाल दिला. "संताने त्या नळ्यांवर हात ठेवला, मी पाठीमागून पाहिलंय! हा मान एलिसेओचाच. आणि पोरा, त्या नळ्या आता कधी काढायच्या नाहीत."

"पण आजी, मी तर सोमवारी जुनं लोखंड परत..."

"कधीच नाही!"

घरी फिदेलियाने सदऱ्यावरचा हिरवा डाग बघितला, मग त्याचं भाजलेलं पोट बघितलं. सोमवारपासून तिने पोळी चंदेरी कागदाऐवजी फडक्यात बांधली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

आता मान एलिसेओचा आहे आणि गाडी सकाळीही घोड्यासारखी धावते. दुपारी तो झाडाखाली बसून गारढोण पोळी चावत असतो. तेवढ्यात पाटाच्या कडेने बेलोची गाडी येऊन थांबते. बेलो बॉनेट उघडतो, जुन्या लोखंडावरून वाफाळती पुडी उचलतो आणि फुंकर मारत शेजारी येऊन बसतो.

"थंडच खाता का, दाजी?" तो विचारतो. "पोटाला बरं असतं म्हणतात."